गोव्यात विडीचा छोटा कारखाना काढता येईल का? परवाने, कर आणि बाकी सगळे

वाळपईकर :
नमस्कार मंडळी. माझे आजोळ निपाणीकडचे. मामाकडे तंबाखूची वखार आहे, पान नुसते चुरगाळून प्रत सांगणारी माणसे आहेत, विड्या वळणाऱ्या बायका घरोब्याच्या आहेत. मी राहतो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात. हाताने वळलेल्या विडीचा, जमल्यास छोट्या सिगारचा, स्वतःच्या नावाचा लहानसा धंदा गोव्यात काढावा असे बरेच दिवस मनात आहे. माल थोडा, पान चांगले, वळणाऱ्या हाताला रास्त मजुरी, आणि पाकिटावर पान कुठल्या गावचे ते लिहिलेले. मोठ्या कंपन्यांशी टक्कर घ्यायची हौस नाही. फेणीच्या लहान भट्ट्यांना गेल्या काही वर्षांत ओळख मिळाली, तशी जागा विडीला का मिळू नये असे वाटते.

विचारायचे असे की परवाना नेमका कुणाचा लागतो, पंचायतीपासून दिल्लीपर्यंत? कर किती? जाहिरात करता येत नाही म्हणतात, मग नव्या माणसाचा माल लोकांना कळतो कसा? बँका दारात उभे करतात का? ज्यांनी या किंवा असल्याच निर्बंधांच्या धंद्यात पाय टाकला आहे त्यांनी जरूर लिहा.

उपदेश करायचा तर तोही करा, मी ऐकेन. तंबाखू शरीराचे काय करते ते मला ठाऊक आहे.

गाडेवाला_म्हापसा :
बाब, माझ्या गाड्यावर ये एकदा. आता गिऱ्हाईक आहे, रात्री सविस्तर लिहितो.

करसल्लागार_फोंडा :
सिगारचा विषय आधी संपवतो. १९९१ नंतर बहुतेक उद्योगांवरचा सक्तीचा औद्योगिक परवाना उठला. जे थोडे उद्योग त्या यादीत राहिले त्यांत सिगार आणि सिगारेट आहेत, स्फोटके आणि संरक्षण सामग्रीच्या पंगतीला. त्याचा अर्ज पणजीत होत नाही, दिल्लीत होतो. तुमच्या आकाराच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. विडी त्या यादीत नाही, म्हणून विडीचेच बोलू.

लहान धंद्याला करात ज्या सवलती मिळतात त्या तंबाखूला जवळजवळ सगळ्या बंद आहेत. कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरून मोकळे व्हायचे, ती आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखू बनवणाऱ्यांना मिळत नाही. माल विकणाऱ्यांसाठी नोंदणीची मर्यादा ४० लाखांपर्यंत वाढवली तेव्हाही हेच तीन वगळले. आणि शेतकऱ्याकडून थेट तंबाखूचे पान घेतलेत तर कर शेतकरी भरत नाही, घेणाऱ्याने उलटा भरायचा. विडी वळायच्या पानालाही तेच. असा उलटा कर ज्याला लागतो त्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. म्हणजे पहिल्या पोत्यापासून तुम्ही जीएसटीत. (काजूबियाही त्याच यादीत आहेत, त्यामुळे गोव्यातल्या काजूवाल्यांना हा प्रकार चांगला माहीत असेल.) भरलेल्या कराची वजावट पुढे मिळते, पण आधी रोख बाहेर जाते, आणि लहान माणूस तिथेच अडकतो.

दर : विडीवर २०१७ पासून २८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेने तो १८ वर आणायचे ठरवले, विडीच्या पानांचा १८ वरून ५. सिगारेट, सिगार, गुटखा यांना ४०. शिवाय जीएसटी आला म्हणून तंबाखूवरचा केंद्रीय अबकारी कर गेला असे समजू नका, त्याचे खाते वेगळे राहते.

कर्ज : पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नकारात्मक यादीत विडी, पान, सिगार, सिगारेट हे नाव घेऊन लिहिले आहे. अनुदानाच्या आशेवर गणित मांडू नका.

सासष्टीकर :
+१. फार स्वच्छ लिहिलेत.

निपाणीची_लेक :
वाळपईकर दादा, तुम्ही "रास्त मजुरी" लिहिलेत म्हणून मुद्दाम लिहिते. माझी आई, दोन मावश्या, सगळ्या विड्या वळायच्या.

काम कसे असते ते वाचणाऱ्यांना कळावे. विडीचे पान आदल्या रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळायचे. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायचे. मांडीवर सूप, सुपात जर्दा. चिमटीने भरायचा, वळायचे, टोक नखाने किंवा पत्र्याने दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. पण हजार विड्या दिल्या म्हणजे हजाराचे पैसे मिळतात असे नाही. मुकादम छाट काढतो. पान फाटके, वळण सैल, लांबी कमी, अशा विड्या बाजूला. त्या परत मिळत नाहीत आणि त्यांचे पैसेही मिळत नाहीत. पान कमी पडले तर स्वतःच्या पैशाने विकत आणून हजार भरायचे. आईची पाठ, डोळे आणि खोकला हे त्या सुपाचे देणे आहे. तिने आयुष्यात एक विडी ओढली नाही.

म्हणून तुमचा करार कसा असेल ते सांगा. छाट कोण सोसणार? पान वजनाने देणार की मोजून? रजा, आजारपण, भविष्यनिर्वाह निधी? "रास्त" हा शब्द प्रत्येक कारखानदार वापरतो, माझ्या आईचा मुकादमही वापरायचा.

आणि शेतकऱ्याचेही विसरू नका. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला, गोळीबारात माणसे गेली. वखारीतल्या आणि विडीच्या बायकांना संघटित करणारे प्रा. सुभाष जोशी यांचे नाव आमच्याकडे अजून निघते. तुमच्या पाकिटावर गावाचे नाव छापणार असाल तर त्या गावाला भाव किती दिलात तेही छापा.

वाळपईकर :
ताई, छाटीचा मुद्दा मनापासून पटला. माझ्या डोक्यात असे आहे की मजुरी वळलेल्या विडीवर द्यायची, छाट कारखान्याची, आणि पान कारखान्याने पुरवायचे, कमी पडले तरी कारखान्याने. भाव छापण्याची कल्पना फार आवडली. कायदा तेवढी जागा पाकिटावर ठेवतो का हे विचारायला हवे.

दंतवैद्य_मडगाव :
परवानगी दिली आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

तोंडात चट्टा आलेला माणूस खुर्चीत बसतो तेव्हा पहिले वाक्य बहुतेक वेळा "मी सिगारेट ओढत नाही हो, फक्त विडी" असे असते. विडी सौम्य हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. विडीचे पान धूर बाहेर जाऊ देत नाही, विडी विझते, म्हणून जास्त वेळा आणि जास्त जोरात ओढावी लागते. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड त्यामुळे जास्त जाते. हाताने वळली, गावचे पान वापरले, खत घातले नाही, यातल्या कशानेही हे बदलत नाही. भारतात तंबाखूमुळे वर्षाला १३ लाखांहून अधिक माणसे मरतात.

तुम्ही प्रामाणिक दिसता. त्यामुळेच जास्त भीती वाटते. चांगल्या पाकिटातली, चांगल्या गोष्टीची विडी त्या तरुणाच्या हातात जाईल ज्याने गाड्यावरचे बंडल कधी उचलले नसते. तुमचा नवा ग्राहक येणार कुठून याचा विचार करा. जुना विडीवाला दोन रुपये जास्त देणार नाही. म्हणजे जो आज ओढत नाही तोच उरतो.

जुवारकर :
डॉक्टर, मोठ्या कंपन्या रोज कोट्यवधी कांड्या विकतात, त्यांना कुणी अडवत नाही. एका सत्तरीच्या पोराला मात्र सगळे शहाणपण.

दंतवैद्य_मडगाव :
त्यांनाही हेच सांगतो, ते इथे प्रश्न विचारायला येत नाहीत. आणि अडवत नाही असे नाही. गोव्याने १९९७ मध्ये धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला, केंद्राचा कायदा २००३ चा. २००५ मध्ये गोव्याने गुटखाबंदी केली. डॉ. शेखर साळकर आणि त्यांच्या 'नोट' संस्थेने त्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. मोठे टिकले कारण त्यांच्याकडे वकील आहेत.

माजी_कामगार_निरीक्षक :
परवान्याविषयी कुणी नीट लिहिलेले नाही म्हणून लिहितो.

विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ चा स्वतंत्र कायदा होता, तो आता नव्या कामगार संहितेत सामावला आहे. मूळ चौकट तीच. ज्या जागेत विडी बनते त्या जागेला परवाना, आणि तो कामगार खात्याकडून. जुन्या कायद्यात परवाना देताना अधिकाऱ्याने काय पाहायचे तेही लिहिले होते : जागा योग्य आहे का, अर्जदाराला धंद्याचा पूर्वानुभव आहे का, कामगार कायद्यांचे देणे देण्याची ऐपत आहे का, अर्ज स्वतःच्या वतीने आहे की दुसऱ्या कुणासाठी. पूर्वानुभवाच्या ओळीवर नवखे अडतात. तुमच्या मामांची वखार आहे, त्यांना भागीदार म्हणून घ्या, कागदावर.

घरी बसून वळणाऱ्या बायका मालकाच्या कामगार नाहीत असे पुष्कळांना वाटते. सुप्रीम कोर्टाने ऐंशीच्या दशकातच त्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू असल्याचे सांगितले. मध्ये कंत्राटदार घातला तरी जबाबदारी मुख्य मालकावर येते. निपाणीच्या ताईंनी विचारलेले प्रश्न म्हणजे अर्ध्या तपासणीचा नमुनाच आहे.

एक सूट आहे. स्वतःच्या राहत्या घरात, फक्त आपल्यावर अवलंबून असलेल्या घरच्या माणसांसह, कुणाचेही नोकर नसताना विडी वळणाऱ्याला हा परवान्याचा भाग लागू होत नाही. पण शेजारची एक बाई मजुरीवर बसवलीत की सूट संपली. आणि पाकिटाचे नियम, कर यांना ही सूट नाही.

आणखी एक, आपला व्यावहारिक प्रश्न. वळणारे हात निपाणीत, तुम्ही सत्तरीत. मजूर तिथेच ठेवणार तर कारखाना कर्नाटकात आणि परवानाही तिथला. गोव्यात फक्त नाव आणि गोदाम. गोव्यात वळायचे म्हणाल तर चोर्ला घाट उतरून कुणी हजारावर मजुरी करायला येणार नाही, इथले रोजंदारीचे दर त्यांना माहीत आहेत.

लिस्बनहून_शशी :
माझ्याकडे थोडे भांडवल आहे, असल्या वेगळ्या धंद्यात गुंतवायला आवडेल. सिगार असेल तर इथे युरोपात गिऱ्हाईकही आहे. माझा पासपोर्ट आता पोर्तुगीज आहे, त्याने काही अडते का?

करसल्लागार_फोंडा :
शशीबाब, सिगारमध्ये अडते. सिगार, चिरूट, सिगारिलो आणि सिगारेट यांच्या उत्पादनात थेट परकीय गुंतवणुकीला २०१० पासून बंदी आहे. गोव्यात पुष्कळ घरांत एक पोर्तुगीज पासपोर्ट निघतो, त्यामुळे भाऊबंदांच्या पैशावर धंदा उभा करणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

इतिहासवेडा_साखळी :
पोर्तुगालचा विषय निघाला म्हणून. तंबाखू आणि सरकारी बंधने ही गोव्यात २००३ ची गोष्ट नाही. पोर्तुगीज अमलात तंबाखूचा मक्ता होता. ब्राझीलमधल्या बाहियाचे पान लिस्बनमार्गे इथे उतरायचे, विक्रीचा हक्क लिलावात जायचा आणि त्यातून येणारे उत्पन्न सरकारच्या मोठ्या मिळकतींपैकी होते. मक्ते घेणाऱ्यांत इथले सारस्वत व्यापारी होते. मक्तेदार सोडून दुसऱ्याने विकले तर तो चोरटा माल. म्हणजे लहान माणसाला तंबाखूच्या धंद्यातून बाहेर ठेवायची पद्धत इथे चांगली मुरलेली आहे, फक्त तेव्हा कारण महसुलाचे होते.

आपल्या डोंगरात तेंदूपत्ता येण्याआधी कुंभ्याच्या आणि आपट्याच्या पानातही विड्या वळत. ती विडी आता दिसत नाही.

बार्देशकर :
राखणदाराला, म्हणजे शेताची राखण करणाऱ्या देवाला, अजून लागते! रोट, विडी आणि थोडी सोरो (दारू). आमच्या वाड्यावर दर वर्षी ठेवतो.

सत्तरीची_सून :
आमच्याकडेही. वाळपईकर, असे गिऱ्हाईक दुसरे नाही. वय विचारावे लागत नाही आणि शाळेपासून शंभर यार्ड मोजावे लागत नाहीत.

बार्देशकर :
आणि उधारीही ठेवत नाही, उलट शेताची राखण करतो!

गाडेवाला_म्हापसा :
आता लिहितो. दुकान बंद केले.

गाड्यावर जागा किती असते? हात पसरले की संपते. त्या जागेत काय राहील ते माझ्यापेक्षा वितरक जास्त ठरवतो. मोठ्या कंपनीचा पोरगा ठरलेल्या वारी येतो, माल देतो, खराब पाकीट बदलून देतो, आठवडा उधार ठेवतो. नवा माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा म्हणतो, "ठेवून बघा." ठेवले तर कुणी मागत नाही, कारण कुणाला नाव माहीत नाही. मी स्वतःहून सांगितले की ही घ्या, चांगली आहे, तर तो प्रचार झाला. विडी महिना दीड महिना पडली की कोरडी होते, पावसाळ्यात बुरशी धरते. चार महिने हवेत ओल असते, निपाणीसारखी कोरडी हवा नाही. निपाणीत भाजून आलेले बंडल जुलैत माझ्याकडे मऊ पडते आणि गिऱ्हाईक तोंडावर फेकते.

दुसरे शाळेचे. शंभर यार्ड हे शाळेच्या कुंपणापासून मोजायचे, आणि आमच्या गावांत देऊळ, शाळा, पंचायत, बाजार सगळे एकाच चौकात. कायदा पाळून गाडा लावायला जागा कुठे राहते? मी पाळतो, म्हणून बाजारात बसतो. शुक्रवारी पान-सुपारी-तंबाखू मांडून बसणाऱ्या बायका आहेत, त्यांच्याकडे सुट्टे पान जाते, बंडल नाही.

तिसरे, बाहेरून आलेले पर्यटक विडी मागतात हे खरे. पण एक घेतात, फोटो काढतात, हसतात आणि परत सिगारेटवर जातात. त्यांच्या जिवावर कारखाना उभा राहणार नाही. मनात राग धरू नको, तुझ्या मालाला मी जागा देईन, पण मागणी तू आणायला हवी.

शब्दकार_पणजी :
जाहिरातीचे काम करते म्हणून त्या प्रश्नापुरते लिहिते.

२००३ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने तंबाखूची जाहिरात, थेट आणि आडून दोन्ही, बंद केली. उरते फक्त पाकीट आणि दुकानातला फलक. फलकही ६० बाय ४५ सेंटीमीटरचा, वर आरोग्याचा इशारा, आणि त्यावर ब्रँडचे नाव किंवा पाकिटाचे चित्र नाही, "येथे विडी मिळते" इतकेच. प्रायोजकत्व बंद. म्हणजे शिगम्याची पथके, नरकासुर स्पर्धा, गावचा फुटबॉल, तियात्र, गोव्यात नवा धंदा ज्या ज्या मार्गाने लोकांसमोर जातो ते सगळे तुम्हाला मना. फुकट नमुने वाटणेही प्रचारातच येते. इन्स्टाग्रामवर वळणाऱ्या हातांचा सुंदर व्हिडिओ टाकलात आणि खाली ब्रँडचे नाव, तीही जाहिरात.

आता पाकीट. दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याचा, ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर, १ एप्रिल २०१६ पासून. चित्र दर बारा महिन्यांनी बदलते, त्यामुळे लहान कारखान्याने स्वस्त पडते म्हणून एकदम वर्षा-दोन वर्षांचे वेष्टण छापून ठेवायचे नाही. उरलेल्या १५ टक्क्यांत तुमचे नाव, किंमत, पत्ता, वजनमाप कायद्याचा तपशील. गावाचे नाव आणि शेतकऱ्याला दिलेला भाव तिथे मावणे अवघड, आणि मावला तरी "नैसर्गिक", "शुद्ध", "गावरान" असले शब्द टाळा, वापराला उत्तेजन देणारा मजकूर पाकिटावर चालत नाही. इशारा नसलेला किंवा कमी मापाचा माल बनवल्यास पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, नंतर पाच वर्षांपर्यंत.

माझे स्वतःचे मत : हे नियम आरोग्यासाठी योग्य आहेत आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्यांचा एक परिणाम कुणी बोलत नाही. ज्याचे नाव २००३ पूर्वी घरोघरी पोचले होते त्याला जाहिरातबंदीचा त्रास कमी. उलट जाहिरातीचा खर्च वाचला आणि नव्याला दार बंद झाले. मोठ्यांची मक्तेदारी आणि लोकांचे आरोग्य यांच्यात निवड करायची तर मी आरोग्य निवडते. वाळपईकरांनी हे जाणूनच पाऊल टाकावे.

काजूभट्टी_काणकोण :
फेणीचे उदाहरण दिलेत म्हणून बोलतो, कारण आमच्या घरात तीन पिढ्या भट्टी आहे.

फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन (जीआय) मिळाले ते का? काजू आपल्या डोंगरातला, बोंडू मळणारे पाय आपले, भट्टी आपली, हवा आपली. अबकारी खाते दर वर्षी काजूच्या बागांच्या विभागांचे लिलाव करते, तिथे परवाना मिळतो, आणि लहान भट्टीवाला त्यात अजून बसतो. तुमच्या विडीत गोव्याचे काय? पान निपाणीचे, पत्ता बाहेरच्या जंगलाचा, हात निपाणीचे. गोव्याचे फक्त पर्यटक. ज्या दिवशी इतिहासवेडा म्हणतात तशी कुंभ्याच्या पानाची विडी सत्तरीच्या जंगलातून तुम्ही उभी कराल त्या दिवशी फेणीचे नाव घ्या. तेव्हाही वनखात्याला विचारावे लागेल.

आणखी एक फरक. फेणीचा मोठा कारखानदार कालपर्यंत नव्हता, म्हणून आम्हा लहानांना जागा राहिली. तंबाखूत मोठे शंभर वर्षे बसलेले आहेत.

मयेकर :
तंबाखूच नको. तुळस, ज्येष्ठमध, गुलाबपाकळी घालून हर्बल सिगारेट काढा. इशारा नको, परवाना नको.

करसल्लागार_फोंडा :
मयेकर, तो सापळा आहे. सक्तीच्या परवान्याच्या यादीतली ओळ "तंबाखूच्या सिगार-सिगारेट आणि तयार केलेले तंबाखूचे पर्याय" अशी आहे. तंबाखू काढला म्हणून सिगारेट यादीबाहेर जात नाही.

दंतवैद्य_मडगाव :
आणि तुळस जाळली तरी धूर तो धूरच, फुप्फुसाला गुण लागत नाही.

तरुण_मुरगाव :
व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा धंदा?

करसल्लागार_फोंडा :
२०१९ च्या कायद्याने बनवणे, विकणे, आयात, साठवण सगळे बंद. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढे विचारू नका.

दंतवैद्य_मडगाव :
धंद्याच्या भाषेत एक आकडा देतो. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात गोव्यात तंबाखू वापरणारे प्रौढ ९.७ टक्के निघाले, देशात सर्वांत कमी. देशाची सरासरी २८.६. बाजार निवडताना सगळ्यांत लहान बाजार निवडता आहात. आरोग्याचे बाजूला ठेवले तरी कुठलाही हिशेबी माणूस इथे कारखाना काढणार नाही. आणि मला मनापासून वाटते की हा आकडा आणखी खाली जावा. ज्यांना सोडायचे आहे त्यांनी १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक लावावा, फुकट आहे.

जुवारकर :
डॉक्टरांचे पटले नाही तरी आकड्यापुढे बोलता येत नाही.

वाळपईकर :
सगळ्यांचे वाचले, काही प्रतिसाद दोनदा. उशिरा उत्तर देतोय कारण मामाशी बोलून यायचे होते.

सिगारचा विचार सोडला. गोव्यात वळण्याचाही. माजी निरीक्षकांनी आणि गाडेवाल्यांनी मिळून ते स्पष्ट केले, ओलीचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नव्हता. डॉक्टरांनी विचारले की नवा ग्राहक कोण, याला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नाही. जो आज ओढत नाही त्याला ओढायला लावून मला धंदा करायचा नाही, हे मी मामालाही सांगितले. मामा म्हणाला, मग तुला तंबाखूचे काय आवडते? खरे सांगायचे तर मला पान आवडते, ते ओळखणारी माणसे आवडतात, आणि विडी वळणारीला आणि पिकवणाऱ्याला मिळणारा भाव खटकतो.

म्हणून आता प्रश्न बदलून विचारतो. निपाणीच्या ताई, वखारीत आणि सुपावर काम करणाऱ्या बायकांनी स्वतःच सहकारी संस्था केली, पान, छाट, मजुरी सगळे त्यांच्या हातात, आणि माल आज जे कारखाने घेतात त्यांनाच विकला, तर त्या उभ्या राहतील का? ब्रँड नाही, पाकीट नाही, गोवा नाही. मी हिशेब, कागद आणि परवान्याचे काम बघेन. बाजारात एक विडी वाढणार नाही, फक्त मधला मुकादम जाईल.

निपाणीची_लेक :
दादा, बायका उभ्या राहतील. कारखाने त्यांच्याकडून घेतील का हा प्रश्न आहे. मुकादम नुसता छाट काढत नाही, तो आगाऊ पैसेही देतो. पोरीचे लग्न, दवाखाना, पावसाळा, सगळे त्याच्या वहीवर. तुमच्या संस्थेला आधी ती वही फेडावी लागेल. भांडवल विडीसाठी नको, त्यासाठी हवे. आणि दुसरे : चाळिशीच्या आतल्या बायकांना विचारा की त्यांना विडीच वळायची आहे का. माझ्या आईने मला सुपाला हात लावू दिला नाही. शिवणकाम, पापड, गोव्यात जाणारी भाजी, कशाचीही संस्था काढा, विडी त्यातली एक असू दे आणि दर वर्षी कमी होऊ दे.

माजी_कामगार_निरीक्षक :
ताईंशी पूर्ण सहमत. कायद्याच्या बाजूने एवढेच की संस्था स्वतः माल बनवू लागली की ती मालक ठरते, मग परवाना, निधी, हजेरीपट सगळे संस्थेवर. सभासद आणि कामगार एकच असल्या तरी.

लिस्बनहून_शशी :
वहीची रक्कम साधारण किती असते? सिगारमध्ये माझे पैसे चालत नाहीत, पण बायकांची उचल फेडायला देणगी चालते का ते बघायला मी तयार आहे.

करसल्लागार_फोंडा :
शशीबाब, परदेशातून देणगी म्हणजे तिचा वेगळा कायदा, पासपोर्ट पोर्तुगीज असल्यामुळे तुम्ही परकीय स्रोत ठरता. घाईने पाठवू नका. संस्थेची नोंदणी होऊन कागद हातात आल्यावर मला व्यक्तिगत निरोप करा.

वाळपईकर, तुमच्यासाठी : पान संस्थेने शेतकऱ्याकडून थेट घेतले तर उलटा कर संस्थेला भरावा लागेल, नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतले तर तो बिलातच कर लावेल. मामांची वखार नोंदणीकृत असेल तर पहिला हंगाम त्यांच्याकडूनच घ्या, रोकड मोकळी राहील. पण मग शेतकऱ्याला काय भाव मिळाला ते मामांच्या वहीतून दाखवावे लागेल, ताईंनी मागितले होते ते.

वाळपईकर :
मामाला विचारतो. वही दाखवायला तो तयार होईल असे वाटते. नाही झाला तर इथे येऊन सांगेन.